कॅम्पर ट्रेलर : रात्री किती, वजन किती

ऑस्ट्रेलियात ईस्टरची चार दिवसांची सुट्टी लागली की मेलबर्नहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक महामार्गावर गाड्यांच्या मागे काही ना काही जोडलेलं दिसतं. कुणाची बोट, कुणाची भली मोठी पांढरी कॅरॅव्हॅन, तर कुणामागे कमरेपेक्षा थोडी उंच, झाकण घट्ट बसवलेली चाकांवरची पेटी. ही पेटी म्हणजे कॅम्पर ट्रेलर. मुक्कामाला पोचल्यावर तिचं झाकण उलटायचं, की आत घडी घालून ठेवलेला कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. गादी आत अंथरलेलीच असते, जमिनीपासून चांगली दोन-तीन फूट वर. बाजूने किंवा मागून स्टीलचा ओटा बाहेर ओढता येतो, त्यात शेगडी आणि छोटंसं सिंक.

इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा प्रवास बहुधा ठरलेल्या पायऱ्यांनी होतो. सुरुवातीची वर्षं मोटेल आणि हॉटेल. मुलं शाळेत जायला लागली की मित्रमंडळींबरोबर तंबू. तंबूत ओल्या जमिनीवर काही रात्री काढल्या, पाठ धरली, की घरात विषय निघतो, "आपणही कॅम्पर ट्रेलर घेऊ या का?" गणपतीला किंवा दिवाळीला एकत्र जमलं की जेवणाच्या पंक्तीत हा प्रश्न हटकून येतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून पुण्या-नाशिकहूनही चौकशी होऊ लागली आहे. मात्र मी जे सांगणार आहे ते ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यांचं आणि इथल्या नियमांचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. ट्रेलर घ्यावा की नाही हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही, प्रदर्शनात मांडलेल्या चकचकीत मॉडेलवरून तर नाहीच. वर्षाकाठी तुम्ही त्यात किती रात्री झोपणार, एका जागी सलग किती दिवस राहणार, आणि तुमची गाडी प्रत्यक्षात किती वजन ओढू शकते, या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं मिळाली की निर्णय आपोआप होतो.

बाजारात याचे बरेच प्रकार आहेत. सगळ्यात साधा तो सॉफ्ट फ्लोअर. ट्रेलरवर फक्त पलंग असतो आणि बाकीचा तंबू जमिनीवर पसरतो. जागा भरपूर मिळते, वजन कमी असतं, किंमतही कमी. पण खुंट्या ठोकायच्या जास्त आणि पावसात खाली चिखल. हार्ड फ्लोअरमध्ये ट्रेलरचं झाकणच उलटून टणक जमीन बनते. झाकण मागे पडतं की पुढे, यावरून रिअर फोल्ड आणि फॉरवर्ड फोल्ड असे पोटप्रकार झाले. छप्पर वर उचलून दोन्ही टोकांना पलंग बाहेर सरकवायचा प्रकार मुलाबाळांच्या कुटुंबांत फार लोकप्रिय आहे. गेरी रायन यांनी १९७५ साली सुरू केलेल्या जेको कंपनीने तो इथे घरोघरी पोचवला. आणि अलीकडे हायब्रिड आले आहेत, म्हणजे अर्धी कॅरॅव्हॅन, अर्धा कॅम्पर. भिंती पक्क्या, कॅनव्हास थोडाच. जुना सॉफ्ट फ्लोअर दहा हजार डॉलरच्या आत सहज मिळतो, तर नवा, कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेला हायब्रिड लाखाच्या घरात जाऊ शकतो. नाव एकच असलं तरी या दोन वस्तूंची तुलना करण्यात अर्थ नाही.

आधी त्याचे गुण बघू, कारण ते खरे आहेत. कॅरॅव्हॅन अडीच मीटरपर्यंत रुंद आणि तीन मीटरच्या आसपास उंच असते. एवढी भिंत हवेतून ओढत न्यायची म्हणजे पेट्रोल-डिझेल पाण्यासारखं जातं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटरवरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दीडपट होतो. कॅम्पर ट्रेलर गाडीच्या आडोशात लपतो, त्यामुळे त्याच्यावर हा भार फार कमी पडतो. मागच्या आरशातून त्याच्या वरून रस्ता दिसतो, बाजूला लांब आरसे बसवावे लागत नाहीत. जंगलातल्या अरुंद वाटेवर फांद्या लागत नाहीत. घरी आणल्यावर तो गॅरेजमध्ये मावतो, आणि शहरात राहणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची आहे. सहा-सात मीटरची कॅरॅव्हॅन ठेवायला दरमहा भाडं भरणारे लोक मी बघते.

दुसरा मोठा गुण, मुक्कामी ट्रेलर सोडून गाडी मोकळी करता येते. कॅम्परव्हॅन, म्हणजे गाडीतच घर, घेणाऱ्यांना दूध आणायला जायचं तरी अख्खं घर आवरावं लागतं. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात किंवा विल्सन्स प्रोमोंटरीच्या किनाऱ्यावर चार-पाच दिवस तळ ठोकायचा, रोज सकाळी गाडी काढून वेगळ्या पायवाटेवर जायचं आणि संध्याकाळी तयार अंथरुणात येऊन पडायचं, या प्रकारच्या सुट्टीला कॅम्पर ट्रेलरइतकं चांगलं साधन दुसरं नाही. असं मी मनापासून म्हणते.

आणि स्वयंपाकघर. तंबूच्या प्रवासात अर्धा वेळ "चमचे कुठल्या खोक्यात आहेत" यात जातो. ट्रेलरमध्ये प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते आणि ती वर्षभर तिथेच राहते. छोटा कुकर, मिसळणाचा डबा, पोह्याची पिशवी, चहाचं पातेलं कायमचं आत. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर दूध-भाजी फ्रिजमध्ये टाकली की तासाभरात निघता येतं. मी पाहिलेल्या कुटुंबांत ट्रेलर घेतल्यावर बाहेर जाणं वाढलं ते याच कारणाने. निघण्याचा कंटाळा गेला. खिचडी आणि पिठलं या ओट्यावर उत्तम होतं. पोळ्यांचं मात्र कठीण. वाऱ्यात गॅसची ज्योत तव्याखाली टिकत नाही, त्यामुळे ज्यांना रोज पोळी हवी त्यांनी घरून करून न्याव्यात. एक गोष्ट मात्र अगदी निक्षून सांगायची. बाहेर थंडी असो, पाऊस असो, शेगडी किंवा कोळशाची भट्टी तंबूच्या आत घ्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद तंबूत झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही.

आता उभारणीबद्दल. जाहिरातीत दोन माणसं हसत हसत पाच मिनिटांत तंबू उभा करतात. पलंगापुरता भाग खरंच तेवढ्यात होतो. पण त्यापुढे सावलीचं छप्पर, त्याचे खांब, दोऱ्या, खुंट्या, मुलांची वेगळी खोली, टेबल, दिवे हे सगळं धरलं की तास जातो, आवरताना त्याहून जास्त. एका जागी पाच रात्री राहणार असाल तर हा तास काहीच नाही. पण ज्यांना रोज नवं गाव गाठायचं आहे, उदाहरणार्थ डार्विन ते पोर्ट ऑगस्टा हा स्टुअर्ट हायवेचा सुमारे २,७०० किलोमीटरचा पट्टा टप्प्याटप्प्याने करायचा आहे, त्यांचे रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास तरी यात मोडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी घरात बोलाचाली सुरू होतात. अशा फिरतीला पक्क्या भिंतींची छोटी कॅरॅव्हॅन किंवा साध्या केबिन बऱ्या.

कॅनव्हासचं शास्त्र समजून घेतलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. चांगला कॅनव्हास सुती किंवा सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेला असतो. सुताचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतली, शिवणीतली भोकं स्वतःच बुजवतो. म्हणून नवा तंबू पहिल्या सहलीआधी अंगणात उभा करून नळीने चिंब भिजवायचा आणि पूर्ण वाळवायचा, असं दोन-तीनदा करायचं. तसं न करता पावसात गेलात तर शिवणींतून थेंब पडतात आणि लोक उगाच माल खराब म्हणून भांडतात. हेच सूत श्वास घेतं, त्यामुळे नायलॉनच्या तंबूसारखं आतून दव गळत नाही. पण सूत म्हटलं की बुरशी आली. शेवटच्या सकाळी पाऊस असेल, आणि व्हिक्टोरियात तो बऱ्याचदा असतो, तर ओला कॅनव्हास घडी घालूनच निघावं लागतं. घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांत तो पुन्हा उघडून कडकडीत वाळवला नाही तर काळे ठिपके पडतात. ते डाग पुरते निघत नाहीत. ब्लीच लावलं तर कापडाची ताकद आणि त्यावरचा पाणी अडवणारा लेप दोन्ही जातात. ज्यांच्याकडे अंगण किंवा लांब ड्राइव्ह-वे नाही, जे फ्लॅटमध्ये किंवा टाउनहाउसमध्ये राहतात, त्यांनी खरेदीआधी एवढाच विचार करावा की सोमवारी कामावर जायचं असताना हा तंबू वाळवणार कुठे. या एका प्रश्नाला उत्तर नसेल तर कॅनव्हासच्या वाटेला जाऊ नये.

वजनाच्या बाबतीत मला वाचकाचा थोडा जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण इथे चुकलं तर जीव जातो. प्रत्येक ट्रेलरवर एक पट्टी असते. तिच्यावर टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन आणि एटीएम म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा, दोन्ही कोरलेले असतात. दोन्हींतला फरक हा तुमचा सामानाचा वाटा. समजा टेअर १,१५० किलो आणि एटीएम १,५०० किलो. म्हणजे ३५० किलो सामान नेता येईल. ऐकायला भरपूर वाटतं. आता जोडून बघा. पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे ८० किलो. गॅसचं ९ किलोचं सिलिंडर, टाकीच्या वजनासह १८. खाण्याने भरलेला फ्रिज ५०. सावलीचं छप्पर आणि खांब ३५. जादा बॅटरी ३०. चौघांची अंथरुणं-पांघरुणं आणि कपडे ६०. मुलांच्या आणि मोठ्यांच्या सायकली ५०. भांडी आणि कोरडा शिधा ४०. बेरीज ३६३. मर्यादा ओलांडली, आणि अजून जॅक, अवजारं, खुर्च्या, शेकोटीचं लाकूड यांतलं काहीच घेतलेलं नाही.

गाडीकडेही तसंच बघावं लागतं. विक्रेता म्हणतो, "तुमची गाडी दीड टन ओढते ना, मग झालं." पण ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, आणि त्यातून मागच्या चाकांवर पडतो. ऑस्ट्रेलियात तो एकूण वजनाच्या साधारण १० टक्के ठेवायचा प्रघात आहे. दीड टनाला दीडशे किलो. हे दीडशे किलो गाडीच्या स्वतःच्या भारात मोजले जातात. गाडी माणसं आणि सामान मिळून ५०० किलो घेऊ शकत असेल, तर चौघांचे २८०, टोबारचे ३०, टोबॉलवरचे १५०, झाले ४६०. डिकीत ठेवायला उरले ४० किलो. युरोपीय बनावटीच्या काही गाड्यांत टोबॉलवरचा भार दीडशेच्या बराच खाली मर्यादित असतो. ओढण्याचा आकडा मोठा असूनही इथला कॅम्पर त्या गाड्यांना चालत नाही. एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. २०१९ साली आलेल्या पिढीतल्या टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिडच्या चारही चाकं फिरवणाऱ्या मॉडेलला ब्रेक असलेला १,५०० किलोचा ट्रेलर चालतो, तर दोन चाकं फिरवणाऱ्याला ४८० किलोच. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका, स्वतःच्या गाडीची पुस्तिका उघडा.

ब्रेकचे नियम सोपे आहेत. ट्रेलरच्या चाकांवर येणारं भारासकट वजन ७५० किलोपर्यंत असेल तर वेगळे ब्रेक लागत नाहीत. त्याच्या वर, दोन टनांपर्यंत, निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. दोन टनांच्या वर गेलात की सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटलाच तर तो आपोआप थांबवणारी यंत्रणाही. बहुतेक कॅम्पर मधल्या गटात येतात. विजेवर चालणारे ब्रेक असतील तर गाडीत त्यांचा कंट्रोलर बसवून घ्यावा लागतो, तो खर्च किमतीत धरलेला नसतो. व्हिक्टोरियात लाल पी-प्लेटवर असलेल्या चालकाला ट्रेलर ओढताच येत नाही, तेव्हा घरातल्या नव्याने लायसन्स मिळालेल्या मुलाने किंवा मुलीने लांबच्या प्रवासात थोडी गाडी हाकावी हा बेत रद्द. पश्चिम ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढताना ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, रस्त्यावर पाटी ११० ची असली तरी.

वजन कुठे ठेवलं यालाही महत्त्व आहे. जड सामान आसावर किंवा आसाच्या किंचित पुढे, खाली ठेवायचं. मागच्या टोकाला सायकली आणि पाण्याचे कॅन लटकवले की पुढचं टोक हलकं होतं आणि ट्रेलर वेग वाढला की डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. मोठा ट्रक शेजारून गेला, उतार लागला, की झोका वाढत जातो आणि शेवटी तो गाडीलाच फिरवतो. त्या क्षणी पाय ब्रेकवर दाबायची इच्छा होते, ती आवरायची. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि कंट्रोलरवर बोट ठेवून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावायचे. हे सहलीआधी घरच्या सगळ्या चालकांनी समजून घेतलं पाहिजे.

रिव्हर्स घेण्याची धास्ती बऱ्याच जणांना असते. लांब कॅरॅव्हॅनपेक्षा आखूड ट्रेलर मागे घेणं अवघड, कारण तो फार पटकन वळतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात सरकवा. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव केला की हात बसतो.

आता त्या रस्त्यांबद्दल, ज्यांच्यासाठी लोक कॅरॅव्हॅन सोडून कॅम्परकडे वळतात. किंबर्ले भागातला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे आणि त्याचा मोठा भाग कच्चा. अशा रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटतात, त्यांना इथे कॉरुगेशन म्हणतात. त्या का पडतात यावर फ्रान्स, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर एक चाक टेकवलं. ठरावीक वेग ओलांडला की वाळूत लाटा आपसूक तयार झाल्या, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. वाळू सपाट राहावी इतका तो वेग कमी ठेवायचा तर गाडीने प्रवास करणंच परवडणार नाही. म्हणजे कच्चा रस्ता आणि गाड्या असल्या की लाटा येणारच. तासन्‌तास त्यावरून जाताना ट्रेलरचे नट सैल होतात, शॉक अब्सॉर्बर तापतात, स्प्रिंगचे पाटे तुटतात, फ्रिजचे स्क्रू निघून येतात, आणि लाल धूळ झाकणाच्या रबरातून आत शिरून उशीपर्यंत पोचते. त्यावर उपाय असे की टायरमधली हवा कमी करायची, वेग आवरायचा आणि रोज संध्याकाळी पाना घेऊन नट तपासायचे. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्याच मापाची असतील तर स्टेपनी दोघांना चालते. दूरच्या प्रवासात ही सोय मोठी आहे. शोरूममध्ये 'ऑफ-रोड' असा शिक्का मारलेले सगळेच ट्रेलर हा मार सोसत नाहीत. खाली वाकून आस, स्प्रिंग, चासीचं वेल्डिंग बघा. आणि सिम्प्सनच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांवर तर कसलाच ट्रेलर नेऊ नये, असाच सल्ला तिथे दिला जातो.

खरं तर आपल्यापैकी बहुतेकांना गिब रिव्हरला जायचंच नसतं. आपली सहल डांबरी रस्त्याने राष्ट्रीय उद्यानाच्या तळापर्यंत आणि परत. अशा वेळी जाड स्प्रिंग आणि जाड चासीचे जादा पैसे आणि जादा किलो कशाला विकत घ्यायचे?

कुटुंबाचा एक विषय इंग्रजी माहितीपत्रकांत कधी येत नाही. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी आई-बाबा येतात. त्यांना ऑस्ट्रेलिया दाखवायचा म्हणून बरेच जण ट्रेलर घ्यायचं मनावर घेतात. पण कॅम्परचा पलंग उंच असतो, वर जायला छोटी शिडी. सत्तरीच्या गुडघ्यांना ती चढणं-उतरणं कठीण, आणि रात्री दोनदा उठायची सवय असेल तर अंधारात शिडीवरून उतरून, थंडीत दूरच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जाणं हे त्यांच्यासाठी सहलीतलं सगळ्यात मोठं दडपण होतं. ते बोलून दाखवत नाहीत. संध्याकाळनंतर पाणी प्यायचं बंद करतात. बहुतेक कॅम्परमध्ये शौचालय नसतं. सासूबाई-सासरे, आई-बाबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी त्याच कॅरॅव्हॅन पार्कमध्ये केबिन घ्यावी आणि मुलांना घेऊन आपण ट्रेलरमध्ये झोपावं. सकाळचा चहा एकत्र.

शौचालय नसण्याचा दुसरा परिणाम असा की फुकट मुक्कामाच्या अनेक जागा फक्त 'सेल्फ-कंटेन्ड' वाहनांना खुल्या असतात, म्हणजे स्वतःचं शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असलेल्यांना. ट्रेलर घेतला की राहणं फुकट, हा समज त्यामुळे बराचसा फसवा आहे. टास्मानियाला जायचं तर जिलॉंगहून सुटणाऱ्या स्पिरिट ऑफ टास्मानिया जहाजावर ट्रेलरच्या लांबीचे पैसे वेगळे पडतात. उत्तरेकडे मगरींच्या प्रदेशात पाण्यापासून किमान ५० मीटर दूर तंबू लावावा लागतो. आणि राज्यांच्या सीमांवर फळमाशी रोखण्यासाठी तपासणी होते. नलरबॉर ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध काढून घेतात. परतताना सेडूनाला पुन्हा तपासणी. आठवड्याची भाजी, लिंबं, कढीपत्ता भरून निघू नका. डाळी, तांदूळ, पोहे, भाजणी बरोबर घ्या, भाजी पलीकडच्या गावात घ्या.

पैशांचं गणित शेवटी मांडते. समजा २५,००० डॉलरचा ट्रेलर घेतला आणि पाच वर्षांनी १५,००० ला विकला. वर्षाला २,००० डॉलर तिथेच गेले. रजिस्ट्रेशन, विमा, बेअरिंग-ब्रेकची देखभाल, टायर यांचे वर्षाला १,००० धरा. झाले ३,०००. वर्षाला १५ रात्री वापरलात तर रात्रीमागे २०० डॉलर, जागेचं भाडं आणि जादा इंधन सोडून. एवढ्यात बऱ्याच ठिकाणी चांगली केबिन मिळते. ४० रात्री वापरलात तर तोच आकडा ७५ वर येतो. मुलं लहान आहेत, शाळेच्या चारही सुट्ट्यांत बाहेर पडायची हौस आहे, अशा घराला ४० रात्री अशक्य नाहीत. मुलं बारावीच्या जवळ आली की शनिवार-रविवार क्लासमध्ये जातात आणि ट्रेलर अंगणात पडून राहतो. इथल्या जुन्या बाजारात मिळणारे उत्तम स्थितीतले बरेच ट्रेलर अशाच घरांतून येतात.

म्हणून माझा सल्ला असा. पहिला ट्रेलर नवा घेऊ नका. आधी आठवडाभरासाठी भाड्याने घ्या, तोही थंडी-पावसाच्या दिवसांत, आणि एकाच जागी न राहता निदान एकदा तळ हलवा. त्यानंतरही हौस टिकली तर जुना, तीन-चार वर्षं वापरलेला शोधा. १ जुलै २०२१ पासून नवा वाहन-मानक कायदा लागू झाला आहे; त्यानंतर बनलेल्या ट्रेलरची नोंद सरकारी मान्यताप्राप्त वाहनांच्या यादीत आहे ना, हे पाहा. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत दोन डॉलरमध्ये त्याच्यावर कर्ज बाकी आहे का ते कळतं. तंबू पूर्ण उघडून दाखवायला सांगा, उन्हाकडे धरून शिवणी आणि चेन बघा, गादी उचलून खालचा वास घ्या. विकणारा "आज उघडता येणार नाही" म्हणाला तर तिथून निघा. ट्रेलर घरी आल्यावर पहिल्या सहलीला निघायच्या दिवशी, पाणी, गॅस, माणसं, सायकली सगळं भरून, वाटेतल्या सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर दोन्ही चढवा. काट्यावरचा आकडा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त आला तर सायकली उतरवा आणि मगच महामार्गाला लागा.